बेचाळीस नंबरचं अंग

"वजन?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बेचाळीस." डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग खुर्चीच्या दोन्ही हातांमध्ये गच्च बसलेल्या बाकीच्या तिच्याकडे. "किलो?" "नाही, नाही, ते माप. इंचांत. कामावर मला बेचाळीसच म्हणतात." हे वाक्य शिवणखान्यात रोज बिनदिक्कत फिरायचं, इथे मात्र ते भलत्याच घरात शिरलेल्या पाहुण्यासारखं उभं राहिलं. तिने बाही वर करून उजवा हात टेबलावर ठेवला होता, पालथा नव्हे, उताणा, कोपराची लवण नीट दिसेल असा. तिथली कातडी जाड, लाल, चिरा पडलेली, कडेला ओलसर. एवढं सगळं ती दाखवायला घेऊन आली होती आणि डॉक्टरीणबाई बोट दाखवत होत्या ते कोपऱ्यातल्या काट्याकडे. चपला काढून ती काट्यावर उभी राहिली. आकडे हलले, दमले आणि चौऱ्याऐंशीवर थांबले. "वय तेवीस," डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या, "हे बघ बाळा, तुझ्या वयाच्या मुलामुलींत हे फार दिसतं. वजन आणि इसब, दोघांचं साटंलोटं असतं. चरबी जास्त झाली की अंगात आतल्या आत एक धुसफूस चालू राहते आणि ती कातडीवर येते, असं म्हणतात. आता यातलं आधी कोण आलं, कोणी कोणाला बोलावलं, ते काही नक्की सांगता येत नाही. पण आठ-दहा किलो उतरवून बघ. मलम आहेच. बरं वाटेल, बहुतेक." हात अजून उघडाच होता. शेवटी त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, पण निघताना दाराला कडी लागलीय ना हे बघावं तसं.

कोणी कोणाला बोलावलं हे तिला पक्कं ठाऊक होतं. जिन्यावरून उतरताना ती मनातल्या मनात डॉक्टरीणबाईंशी भांडत होती, आणि मनातल्या भांडणात ती नेहमीच फार छान बोलायची. अहो बाई, मी आठ वर्षांची काडीपैलवान होते तेव्हा हा आला. आधी कोपराच्या लवणीत, मग गुडघ्यामागे, मग मानेवर. खेळाच्या तासाला घाम आला की तिथे मीठ चोळल्यासारखं व्हायचं, म्हणून शाळेतल्या बाईंनी तिला पायरीवर बसवलं. "तू बस हो, सगळ्यांच्या बाटल्या सांभाळ." ती बसली. चार वर्षं बसली. मैदानावर मुली किंचाळत पळायच्या आणि ती पंचवीस बाटल्यांची राखण करत डब्यातलं उरलंसुरलं संपवायची, कारण बसलेल्या माणसाला दुसरं करायचं काय असतं? मुलींनी नाव ठेवलं होतं, खाजकुयली. साखळी करून खेळायची वेळ आली की तिच्या दोन्ही बाजूंना एकेक हात मोकळा राहायचा आणि साखळी तिथेच तुटायची. इसबाने तिला बसवलं, बसून ती भरली, भरल्यावर अंगाला घड्या पडल्या, घड्यांत घाम साचला आणि घामात इसबाने आपला संसार वाढवला. हे गणित सहावीतल्या पोरीलाही सुटलं असतं, आणि यांना म्हणे नक्की सांगता येत नाही. पण चौथ्या पायरीवर तिला दुसरंही आठवलं, की ज्या सुट्टीत ती मावशीकडे राहून दीड महिना तलावात डुंबली होती आणि गालाची हाडं दिसण्याइतकी उतरली होती, त्या सुट्टीत खाज गेली होती. पूर्ण नाही, पण मागच्या खोलीत जाऊन बसली होती. ही आठवण तिला नको होती. ती डॉक्टरीणबाईंच्या बाजूने साक्ष देत होती.

आणि उतरायचं म्हटलं तरी उतरणार कशी? तिचं अंग तिच्या एकटीचं कुठे होतं? शिवणखान्यात तीनशे मशिनी होत्या, पण जिवंत अंगं दोनच, एक चौतीस आणि एक बेचाळीस. नवा ब्लाऊज, नवा झगा, नवा कोट, जे काही निघायचं त्याचा पहिला नमुना या दोघींच्या अंगावर चढायचा. मास्तर भोवतीने फिरायचे, तोंडात टाचण्या आणि हातात खडू, जिथे घोळ असेल तिथे चिमटायचे, जिथे ताण असेल तिथे उसवायचे. मग त्याप्रमाणे कागदाचा साचा कापला जायचा आणि त्या साच्यावरून हजारो नग. कुठल्या कुठल्या गावच्या जाडजूड बायका ज्या कपड्यात श्वास घ्यायच्या तो आधी तिने घेऊन बघितलेला असायचा. चार वर्षांपूर्वी ती तिथे बटणं लावायचं काम मागायला गेली होती. मास्तरांनी तिला दारातच उभी पाहिली, गळ्यातली टेप काढली, न विचारता छातीभोवती, कमरेभोवती, दंडाभोवती फिरवली आणि भिंतीवरच्या तक्त्याशी आकडे ताडून असे काही ओरडले की मशिनी थांबल्या, "कुठे होतीस गं पोरी इतके दिवस?" तिच्या अंगाला उद्देशून असं कोणीच कधी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी ती घरी चालत गेली आणि दुकानांच्या काचांत, अगदी न लाजता, स्वतःकडे बघत गेली.

नियम एकच. दर सोमवारी माप. अर्धा इंच इकडे, अर्धा इंच तिकडे, त्यापलीकडे अंगाने जायचं नाही. चौतीसला वाढायची बंदी, हिला उतरायची. चौतीस ही तिच्याच वयाची, फुंकर मारली तर उडेल अशी, आणि जिभेने मात्र भक्कम. जेवणाच्या सुट्टीत डबा पुढे सरकवून म्हणायची, "हे घे बाई, तू माझ्या वाटचं खा, मी तुझ्या वाटचं उपाशी राहते." दोघी हसायच्या. इसबाचंही तिथे कोणी फार मनावर घेतलं नव्हतं. मलमाचे डाग नमुन्यावर पडायला लागले तेव्हा मास्तरांनी स्वतः अस्तराच्या मऊ कापडातून तिच्यासाठी दोन सुट्या बाह्या शिवल्या. "घाल आत. लोकांच्या कापडाला लोणी लागलंय असं दिसतं." म्हणाले रागाने, पण शिवण इतकी बारीक घातली होती की कातडीला कळू नये. ही बाही घालताना दर वेळी तिला वाटायचं की आपल्यावर कोणीतरी माया करतंय, आणि लगेच असंही, की ती माया आपल्यावर आहे की बेचाळीसवर.

"काय म्हणाली डॉक्टर?" आईने दार उघडतानाच विचारलं. आई पंचवीस वर्षं टेलिफोन कचेरीत जोडण्या देत होती. नोकरी गेली, आवाज राहिला. घरात बोलतानाही ती पलीकडे तिसरंच कोणी ऐकतंय अशा बेताने बोलायची.

"वजन उतरव म्हणाली. दहा किलो."

आईने काही क्षण लाईन धरून ठेवली. "मलम नाही दिलं?"

"दिलं. पण वजन उतरव म्हणाली."

"म्हणायला तिचं काय जातंय?" आई तिच्या ताटात वाढत होती आणि हात थांबत नव्हता. "अगं, लोकांच्या पोरी जाड झाल्या म्हणून रडतात. तू जाड आहेस म्हणून आपल्या घरात पंखा फिरतोय. थोडी खाज सोस. खाजेने कोणी मेलंय का?"

खाजेने कोणी मरत नाही, हे खरं होतं. खाज माणसाला इतक्या सरळ मार्गाने नेत नाही. ती झोपेतून उठवते, नखांना कामाला लावते, दोन मिनिटांचं असं सुख देते की त्यापुढे जगातली सगळी सुखं झक मारतील, आणि मग रक्ताचे चार थेंब चादरीवर ठेवून निघून जाते. आई सकाळी चादर भिजत घालायची, न बोलता. तिला एकदम आईच्या वाढत्या हाताचा राग आला. मग त्या रागाची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून ती ताटातलं सगळं जेवली. पण दुसऱ्या दिवशी ती शिवणखान्याच्या तीन थांबे आधी उतरली आणि चालत गेली. तिने ठरवलं वगैरे काही नव्हतं. पाय उतरले, एवढंच. पुढच्या आठवड्यात पाच थांबे. मग आईने भरलेल्या डब्यातलं अर्धं चौतीसला. "अगं ए, मला फुगवून माझी जागा घेतेस काय!" चौतीस ओरडली, पण हिचं उतरलेलं मनगट पाहून तिने डबा आपल्याकडे ओढून घेतला.

सातव्या आठवड्यात एका सकाळी अंघोळ करताना तिचा हात कोपराच्या लवणीवरून फिरला आणि तिथे काहीच नव्हतं. ती घाबरलीच. खिशातलं पाकीट गेलं की हात जसा पुन्हा पुन्हा खिसा चाचपतो तसा तिने तो भाग चाचपला. कातडी होती. नुसती कातडी, बाकीच्या हाताच्या रंगाची, इकडून तिकडे अखंड गेलेली. तिने मान वाकवून तिथे ओठ टेकले. पंधरा वर्षांत ही जागा तिने नखांखेरीज आणि मलमाखेरीज कशाने शिवली नव्हती. किती गार होती ती! बाहेर आई म्हणत होती, "पाणी संपवतेस की काय?" आणि ती आत उभी होती, कोपराशी तोंड लावून, एखाद्या चोरासारखी, कारण चोरीच होती ही. हे जे मऊ मऊ आलं होतं ते सोमवारच्या टेपमधून उचललेलं होतं.

सोमवारी टेपने खरं सांगितलं. मास्तरांनी तिच्या छातीभोवती ती ओढली आणि त्यांचा चेहरा तिच्या खांद्यामागे थबकला. एक्केचाळीसला पाव कमी. लिहून घेणारी बाई वही उघडून बसली होती. मास्तरांचा श्वास हिच्या मानेवर लागला, चहा आणि खडू. मग तिच्या पाठीशी, टेप आणि तिच्यामध्ये, त्यांची दोन बोटं शिरली. मास्तर लोक गिऱ्हाइकाला श्वास घ्यायला जागा राहावी म्हणून असं एक बोट घालतात. ही दोन होती, आणि ती श्वासासाठी नव्हती. "बेचाळीस!" ते मोठ्याने म्हणाले. लिहिलं गेलं. टेप गुंडाळताना तिच्याकडे न बघता पुटपुटले, "माझ्या पोरीलाही होतं ते. मानेवर. लग्नात पदर ओढून बसवली होती." एवढंच. त्यानंतरच्या सोमवारी दोन बोटं, त्याच्या पुढच्या महिन्यात तीन. ती सरळ उभी राहायची आणि पाठीशी त्या बोटांचा आधार लागायचा. तिला वाटायचं, बापाचा हात असा असतो काय? तिला बाप आठवत नव्हता, त्यामुळे ताडून बघायची सोय नव्हती.

पण मास्तरांच्या हाताला सव्वीस वर्षांची सवय होती, आणि ती मास्तरांचंही ऐकत नव्हती. वहीतला आकडा ते खोटा सांगू शकत होते. अंगावर चढवलेल्या कापडाशी खोटं वागणं मात्र त्यांना जमेना. नवे ब्लाऊज आले, नमुना तिच्या अंगावर चढला, काखेपाशी मुंढ्यात घोळ, छातीत घोळ, आणि मास्तरांच्या तोंडातल्या टाचण्या एकेक करून आपोआप निघाल्या, घोळ चिमटला गेला, खडूची रेघ आत सरकली. आकडा आपणच फुगवलाय हे त्यांच्या डोक्याला माहीत होतं, बोटांना नव्हतं. बोटांना अंगावर बसलेलं कापड आवडायचं. मान मागे नेऊन, डोळे बारीक करून ते म्हणाले, "असं! आता कसं बसलं!" तिनेही आरशात पाहिलं आणि तिला वाटलं, खरंच किती छान. कागद कापला. कागदावरून सहा हजार नग कापले.

ते परत आले. गठ्ठेच्या गठ्ठे, दोऱ्यांनी बांधलेले, आत दुकानदारांच्या चिठ्ठ्या. बटणं लागत नाहीत. बाही दंडात अडकते. एका चिठ्ठीत लिहिलं होतं, एक बाई ट्रायलच्या खोलीत रडली. ती चिठ्ठी मालकीणबाईंनी मोठ्याने वाचली. सगळ्यांना कटिंगच्या टेबलाभोवती उभं केलं होतं आणि टेबलावर तो ब्लाऊज पडला होता, मानेशी बेचाळीसचं लेबल असलेला. मालकीणबाई ओरडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या हळू बोलायच्या आणि समोरच्याला पुढे वाकून आपली शिक्षा ऐकावी लागायची. "मास्तर, हे कोणाच्या अंगावर बसवलंत?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी ब्लाऊजकडे पाहिलं. "मी अंगावर बसवलं, बाई. सव्वीस वर्षं अंगावरच बसवतोय. आता अंगच खोटं निघालं तर मी काय करू?"

अंगच खोटं निघालं. तिला आधी वाटलं की आपल्याला संताप येईल. ती त्याची वाट बघत राहिली, पण तो आला नाही. आला तो एक जुना थंडपणा, पायरीवर बसून बाटल्या मोजणाऱ्या पोरीचा. तीन बोटांचा आधार पाठीशी होता तो किती सहज निघाला. तिला सांगता आलं असतं, बाई, वही बघा, आकडा कोण ओरडत होतं ते विचारा. लिहिणारी बाई खाली मान घालून उभी होती, तिलाही माहीत होतं. चौतीसने तिला कोपराने ढोसलं, "बोल ना गं, बोल की!" पण मास्तरांच्या ओठाला एक टाचणी अजून चिकटलेली होती आणि ते म्हातारे दिसत होते. ती नाही बोलली. हा काही मोठेपणा नव्हता. तिला फक्त त्यांना आपल्या तोंडाने वाचवायचं नव्हतं आणि बुडवायचंही नव्हतं. त्यांनी आयुष्यभर हे जाणत राहावं, एवढंच तिला हवं होतं. आणि हे हवं असणं फार कडू होतं, जिभेला लागेल इतकं.

"बरं," मालकीणबाई म्हणाल्या, "झालं ते झालं. तुझ्यासारखी बांध्याची मुलगी रोज सापडत नाही. दोन महिन्यांची सुट्टी देते मी, पगारी. घरी बस. खा. भरून ये." त्यांनी हे चांगल्या मनाने म्हटलं, हे तिला कळत होतं. तेच वाईट होतं. दोन महिने खायचं आणि पगार घ्यायचा. आईचा वाढता हात, पंखा, आणि पुन्हा दारातून आत येताना सगळ्या मशिनींनी ओळखावं असं नाव. तिने उजव्या हाताने डावा कोपर धरला. मग डाव्याने उजवा. अखंड. "मोजा," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "मास्तर, मोजा मला. बोटं न घालता."

त्यांनी मोजलं. टेप पाठीवरून इतकी सपाट गेली की थंडी वाजली. "एकोणचाळीस," ते म्हणाले, बारीक आवाजात.

"लिहा. मला एवढ्यावरच राहायचंय. या मापाचं काही काम असेल तर सांगा."

मालकीणबाईंना खरोखरच आश्चर्य वाटलं. "अगं, एकोणचाळीसला अंग कशाला लागतं? चौतीस आणि बेचाळीस मिळालं की मधली सगळी मापं कागदावरच निघतात." मग जरा हसून, "मधल्यांची कोणी ट्रायल घेत नाही."

ती निघाली तेव्हा चौतीस जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "मूर्ख आहेस," आणि गळ्यात पडली. तिची हाडं टोचली. रस्त्यावर दुपार होती, पांढरी, सगळीकडे सारखी पसरलेली. अंगावरचा झगा हा चार वर्षांपूर्वीचा एक नमुना होता. तिचे सगळेच कपडे बेचाळीसचे नमुने होते, आणि आता त्यांच्यात तिच्यासोबत दुसरं कोणी मावेल इतके ते भोवती लटकत होते. आईला काय सांगायचं? आई आधी लाईन धरेल, मग म्हणेल, "आणि एवढं करून?" त्या प्रश्नाला दाखवायला तिच्याकडे फक्त दोन कोपर होते. वाटेतल्या पहिल्याच कपड्यांच्या दुकानात ती शिरली. तिने आखूड बाह्यांचा एक झगा मागितला. आयुष्यात पहिल्यांदा, आणि स्वतःच्या मापाचा. ट्रायलच्या चिंचोळ्या खोलीत तिने तो चढवला. बरा बसला. कागदावर काढलेला कपडा जेवढा बसेल तेवढा. तिने दोन्ही हात वर केले, केस मागे घेतले, आणि आरशात उजव्या कोपराच्या लवणीत तिला तो दिसला. मोहरीएवढा लाल दाणा. त्याच्याशेजारी दुसरा. ती बघत राहिली आणि बघता बघता तिथे खाज सुटली, तीच, जुनी, ओळखीची, जशी कधी गेलीच नव्हती. घाम असेल. नवं कापड असेल. बहुतेक. डॉक्टरीणबाईंनी एवढंच तर म्हटलं होतं, आणि तिने त्याच्यावर चार वर्षांचं नाव उधळून टाकलं होतं. तिला हसू आलं. तिने नखं त्या जागेवर नेली आणि तिथे धरून ठेवली, न ओढता, आणि मग ओढली.

"लांब बाह्यांचा दाखवू का?" पडदा सरकवून बाहेर येताच दुकानातली बाई म्हणाली. तिची नजर कोपरावर होती. लाल रेघांवर. बाईने एक पाऊल मागे घेतलं, सभ्यपणे, जागा करून दिल्यासारखं.

"नको. हाच. घालूनच जाते. जुना बांधून द्या."

पैसे देऊन झाले. बाईने तिचा तो भला मोठा झगा पिशवीत कोंबला आणि पिशवी गल्ल्याच्या फळीवरून तिच्याकडे ढकलली, फूटपट्टीच्या टोकाने, आपल्या हाताला काही करायचं नाही अशा बेताने. मागे दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. कोणीतरी हुं केलं. पिशवी फळीवर पडून होती, तिच्या पोटापासून वीतभर अंतरावर. उचलून चालू लागणं अगदी सोपं होतं.

तिने उजवा हात पुढे केला, उताणा, लालीसकट, आणि तसाच धरला.

"हातात द्या," ती म्हणाली.